एरास्मोच्या घराचं तोंड

केल्दाव गावात कुणाचं घर हलवायचं ठरलं की बैलांच्या आधी एरास्मो बारियाला बोलावणं जायचं. चिलीच्या दक्षिणेला, आमच्या चिलोए बेटावर घरं लाकडाची, बुटक्या खुंटांवर बसलेली. एखाद्याला जागा नकोशी झाली तर तो घर सोडून जात नाही, घर घेऊनच जातो. घराखाली दोन लांब ओंडके सरकवायचे, साखळ्या बांधायच्या, गावातल्या बैलजोड्या जुंपायच्या आणि सगळ्यांनी मिळून ते ओढत न्यायचं, याला मिंगा म्हणतात. मजुरी कुणी देत नाही, घेत नाही. घरधन्याने पोटभर खाऊपिऊ घालायचं आणि उद्या दुसऱ्याच्या मिंगेला आपण हजर राहायचं. एरास्मो सगळ्यांच्या पुढे उलटा चालायचा, बैलांकडे तोंड करून, आणि आरोळी द्यायचा. बाराच्या बारा जोड्यांनी एकाच क्षणी जोर लावायला हवा, नाहीतर घर तिरकं होऊन भिंती उसवतात. तो क्षण बरोबर पकडणारा गळा पंचक्रोशीत एकच होता, आणि गळ्याच्या मालकाला ते चांगलंच ठाऊक होतं.

गळ्याइतकीच त्याची जीभही चालायची. वर डोंगरावरून पक्का रस्ता गेला, बस सुरू झाली, आणि किनाऱ्यावरचे लोक एकेक करून घर वर न्यायला लागले. एरास्मोने प्रत्येकाचं घर ओढून दिलं, पण टोमणा मारल्याशिवाय एकही नाही. "जा बाबांनो, बसचा धूर खायला जा!" सेल्सो कार्कामोचं घर वर पोचलं त्या दिवशी तर हातात चिचाचा, म्हणजे सफरचंदाच्या दारूचा, पेला घेऊन त्याने चारचौघांत सांगितलं होतं, "सेल्सो, तू आज निम्मा मेलास. उरलेला निम्मा बसथांब्यावर मरशील." सगळे हसले, सेल्सो हसला नाही. अशी नऊ घरं एरास्मोने वर चढवली. खाली किनाऱ्यावर शेवटी एकच घर राहिलं, त्याचं स्वतःचं.

त्या घराची गोष्ट तो कुणालाही, कधीही, न विचारता सांगायचा. लग्न ठरलं तेव्हा तो पंचवीस वर्षांचा होता. घर होतं मावशीचं, खाडीपलीकडच्या बेटावर. ऐन भरतीच्या दिवशी ते पाण्यात लोटलं आणि होड्यांनी ओढत अलीकडे आणलं. एरास्मो छपरावर धुराड्याला धरून बसला होता, आणि किनाऱ्यावर उभ्या माणसांना टोपी काढून सलाम करत होता. खरं तर होड्या सात होत्या. इतकी वर्षं सांगता सांगता त्या अकरा झाल्या होत्या, पण आम्ही कुणी मोजायला बसलो नाही. घर किनाऱ्यावर चढवलं आणि दार समुद्राकडे करून बसवलं. त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतंच. त्या काळी पाहुणा, पाद्री, वऱ्हाड, मयत, जे काही यायचं ते होडीनेच यायचं. समुद्राकडे पाठ केलेलं घर कुणी पाहिलेलंच नव्हतं.

बायको ओतिलिया मात्र वरची होती, डोंगरावरच्या चर्चपाशी वाढलेली. तिच्या माहेरच्या दारातून सगळ्या गावाचं येणंजाणं दिसायचं. कुणाच्या गायीला वासरू झालं, कुणाचा जावई रुसून परत निघाला, हे तिला उंबरा न ओलांडता कळायचं. ती खाली आली आणि तिच्या दारात पाणी आलं. पाणी देखणं होतं, पण ते कुणाची खबर सांगत नव्हतं.

आणि तरी ते दिवस काय होते! घड्याळ घरात होतं, पण त्याच्याकडे बघायला सवड कुणाला? त्यांचा दिवस ओहोटीवर चालायचा. पहाटे पाणी उतरलं की पहाटे, दुपारी उतरलं की दुपारी, दोघं टोपल्या घेऊन चिखलात उतरायची, शिंपल्या खणायची. एरास्मोला अंथरुणात पडल्या पडल्या आवाजावरून कळायचं, पाणी कुठवर आलंय. जेवण भूक लागली की व्हायचं. मिल्कावांची, म्हणजे बटाट्याच्या जाड भाकऱ्यांची, चळत संपवून तो वर आणखी डुकराची चरबी तळायला लावायचा. रेडिओ लावायचा तो नाचाच्या गाण्यांसाठी, आणि मध्येच कुणी मेल्याची बातमी सांगायला लागलं की कान पिरगाळावा तसं बटण पिरगाळायचा. रविवारी वरचं चर्च सोडून तो होडी वल्हवत, लांबून वळसा घालून खाडीपलीकडच्या चर्चला न्यायचा, डोंगर चढायचं नाव नाही. "पायांनी चालतात त्या बकऱ्या," तो म्हणायचा.

हे सगळं कधी बदललं ते विचाराल तर त्याला सांगता येणार नाही. एक दिवस ठरवून काही बदलत नाही. आधी त्याने लाकडं लहान फोडायला सुरुवात केली, चुलीचं तोंड अरुंद आहे म्हणून. मग शिंपल्या फक्त दिवसाउजेडीच्या ओहोटीला, कारण म्हणे रात्रीच्या शिंपल्यांना चव नसते. मग मीठ गेलं. चरबी गेली. पहाटे चारला जाग यायची ती तशीच राहिली, पण आता उठून करायचं काय? तो चूल पेटवायचा, येर्बाचा कडू चहा नळीने ओढत बसायचा आणि रेडिओ लावायचा. आता गाणी लागली की तो आवाज कमी करायचा आणि मयतांची नावं वाचायला लागले की मोठा. नाव ओळखीचं निघालं तर गप्प, आणि नाही निघालं तर उगाच थोडा हिरमुसलेला.

ओतिलियाची सवय एकच होती आणि तीही सुटली. दर गुरुवारी ती लोकर आणि टकळी घेऊन डोंगर चढून हेर्मिनियाकडे जायची. हेर्मिनिया तिची लहानपणची मैत्रीण, रस्त्यालगत राहणारी. सूत काततकातत दोघी गावाची सगळी हकिगत उलगडायच्या आणि ओतिलिया संध्याकाळी तरतरीत होऊन उतरायची. पुढे तिला दम लागायला लागला. आधी वाटेत दोनदा बसायची, मग पाचदा, आणि तीन वर्षांपूर्वी तिने टकळी खुंटीला अडकवून ठेवली. हेर्मिनियाचे गुडघे गेलेले, तिला उतरवत नव्हतं. मग दोघींचे निरोप एरास्मो न्यायचा आणि वाटेत त्यांची खिचडी करायचा. "लोकरीला निळा रंग चांगला चढलाय" हे सांगायला पाठवलेला माणूस "ती चांगली निळी पडलीय" असं सांगून यायचा आणि हेर्मिनिया रात्रभर काळजी करत बसायची. ओतिलिया भांडी घासताना स्वयंपाकघराच्या मागच्या खिडकीतून वर बघायची. वीतभर खिडकी. त्यातून रस्त्याचा एक तुकडा दिसायचा आणि दिवसातून चारदा त्यावरून बसचं छप्पर जायचं. एरास्मोने हे हजारदा पाहिलं होतं आणि त्याला वाटायचं, ती हवा बघतेय.

मागच्या हिवाळ्यात तिचा श्वास अडकला. दवाखान्याची गाडी आली ती वर रस्त्यावर उभी राहिली. खाली उतरायची वाट म्हणजे नुसता चिखल. सेल्सो आणि दोघंतिघं खाली आले, तिला खुर्चीत बसवलं, दोरीने बांधलं आणि खांद्यावर घेऊन चढवलं. एरास्मो मागून चालत होता. त्यालाच इतका दम लागला की अर्ध्या वाटेत तो झाडाला धरून उभा राहिला आणि खुर्ची त्याच्या डोळ्यांदेखत वर निघून गेली. त्या क्षणी त्याला आयुष्यात पहिल्यांदा समुद्राचा राग आला.

ती बरी होऊन परत आली. पंधरा दिवसांनी एका सकाळी तो चुलीकडे बघत म्हणाला, "वरची तुझ्या बापाची जागा रिकामीच आहे."

ओतिलिया बटाटे सोलत होती. सुरी थांबली. "घर न्यायचं म्हणतोस?"

"तू म्हणतेस म्हणून."

"मी कुठे काय म्हटलं?" मग पुढचा बटाटा उचलत तिने हळूच विचारलं, "दार रस्त्याकडे येईल ना?"

"येईल, येईल," एरास्मो म्हणाला. त्याचं मन दुसऱ्याच गोष्टीत अडकलं होतं. मिंगा मागायला घरधन्याने स्वतः दारोदार जावं लागतं. निरोप चालत नाही, मुलगा-पुतण्या चालत नाही. टोपी काढून आत जायचं, चिचाची बाटली टेबलावर ठेवायची, बसायचं, हवापाणी, बटाटे, मेंढ्या यांवर बोलायचं, आणि शेवटी विनंती करायची. समोरच्याने नाही म्हणायची पद्धत नाही. पण नाही म्हणता येत नसलं तरी टोमणा मारता येतो, आणि एरास्मोने नऊ घरांना पुरतील एवढे टोमणे उधार देऊन ठेवले होते.

सेल्सोकडे तो सगळ्यात शेवटी गेला. सेल्सोने बाटली पाहिली, टोपी पाहिली, आणि मुद्दाम मेंढ्यांच्या लोकरीवर अर्धा तास बोलला. एरास्मो खुर्चीच्या कडेवर बसून होता.

"बरं, काय काम काढलंस?" सेल्सो शेवटी म्हणाला.

"मिंगा मागायला आलोय. घर वर आणायचं आहे."

"म्हणजे तुला समुद्राचा कंटाळा आला?"

"त्याला माझा आला."

सेल्सोने मान हलवली. त्याच्या ओठांवर बसथांबा आला होता, एरास्मोला तो स्पष्ट दिसला. पण सेल्सोने पेला भरला आणि तो शब्द चिचाबरोबर गिळून टाकला. "माझ्या दोन जोड्या येतील," तो म्हणाला. "आणि आरोळी मी देईन. घरधन्याने बैलापुढे उभं राहायचं नसतं, तूच सांगत आलायस." एरास्मोला हे टोमण्यापेक्षा जास्त लागलं, पण नियम त्याचाच होता.

वरच्या जागेवर नवे खुंट पुरायचं काम त्याने कुणाला करू दिलं नाही. लोक म्हणाले, काका, चार जण येतो, एका दिवसात उरकू. तो म्हणाला, माझ्या घराचे पाय मीच पुरणार. दोन आठवडे तो रोज सकाळी पहार घेऊन चढायचा, दोन-तीन खड्डे खणायचा, दमला की खुंटावर बसून खाली पाण्याकडे बघायचा आणि संध्याकाळी उतरायचा. स्वयंपाकघराच्या बाजूला लोखंडी चुलीचं वजन, म्हणून तिकडे सात जाड खुंट जवळजवळ पुरले. ओतिलियाला वर येऊन बघणं शक्य नव्हतं. ती फक्त विचारायची, "झालं का?" आणि तो म्हणायचा, "झक्क झालंय."

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी मिंगा झाली. आमच्याकडे फेब्रुवारी म्हणजे उन्हाळा; कोरडा दिवस, जमीन टणक. घरातलं सामान आदल्या दिवशी काढलं होतं, खिडक्यांच्या काचा उतरवल्या होत्या. ओतिलियाला सकाळीच सेल्सोच्या बैलगाडीत बसवून, मिंगेसाठी झाडी तोडून मोकळ्या केलेल्या वळणाच्या वाटेने हळूहळू वर नेलं आणि हेर्मिनियापाशी बसवलं. बारा जोड्या लागल्या. सेल्सोने आरोळी दिली, बरी दिली, आणि घर जागचं हललं तेव्हा करकरण्याचा असा आवाज आला की एरास्मो दोन पावलं पुढे धावला आणि पुन्हा मागे आला. त्याला काहीच काम नव्हतं. तो घराच्या मागून हात मागे बांधून चालत राहिला. शेहेचाळीस वर्षं घराखाली ज्या मातीवर ऊन पडलं नव्हतं, तिच्यावर आता ऊन होतं, आणि तिथे एक बाळाचा बूट, दोन चमचे आणि मुलीच्या शाळेची पाटी पडली होती. मुलगी दूर दक्षिणेला, पुंता अरेनास शहरात, तिचीच मुलगी आता कॉलेजात. त्याने चमचे उचलून खिशात टाकले आणि बूट तसाच राहू दिला, वाकायचं त्राण नव्हतं असं तो नंतर म्हणाला.

तीन वेळा साखळी तुटली, एकदा धुराडं वाकलं. दुपारी चारच्या सुमाराला घर डोंगराच्या कडेवर येऊन रस्त्यालगतच्या माळावर उभं राहिलं. बायका टाळ्या वाजवायला लागल्या. कोकरू विस्तवावर तयार होत होतं. सेल्सो पुढे होऊन खुंटांकडे गेला, थांबला, त्यांच्याभोवती एक चक्कर मारली आणि टोपी मागे सरकवली.

"एरास्मो, हे चुलीचे खुंट रस्त्याकडे का रे पुरलेत?"

एरास्मो जवळ आला. त्याने खुंट पाहिले, मग घर पाहिलं. घर खालून जसंच्या तसं वर आलं होतं, दार समुद्राकडे, पाठ डोंगराकडे. आणि खुंटही तसेच होते. दोन आठवडे घाम गाळून त्याने घराची पाठ बरोबर रस्त्याला लावून ठेवली होती.

"नाही म्हणजे, माझं काही जात नाही," सेल्सो म्हणाला. "पण बसमधून उतरणाऱ्याला तुझं धुराडं आणि मोरीचं पाणी दिसणार. पाहुणा आत यायला कुठून येणार, होडीतून?"

माळावर हशा पिकला. कुणीतरी ओरडलं, "काका, होडी वर आणायची राहिली!" लोकांना हसायचा हक्क होता, आणि त्यांनी नऊ घरांचं हसून घेतलं. एरास्मोला ते ऐकूच आलं नाही. तो ओतिलियाकडे बघत होता.

ती हेर्मिनियाच्या हाताला धरून उभी राहिली होती. तिला सगळं कळलं होतं. तिने एकदा घराकडे पाहिलं, एकदा रस्त्याकडे, आणि एप्रनला हात पुसत म्हणाली, "राहू दे. बैल दमलेत. माणसं भुकेली आहेत. चला, वाढायला घेऊ."

राहू दे. हा शब्द त्याने आयुष्यभर ऐकला होता आणि आज पहिल्यांदा तो त्याच्या कानात शिरला. बापाच्या आजारपणात तिला माहेरी राहायचं होतं आणि त्याला शिंपल्यांचा हंगाम होता, तेव्हा ती म्हणाली होती, राहू दे. हेर्मिनियाच्या मुलीच्या लग्नात तिला नाचायचं होतं आणि तो आपली अकरा होड्यांची गोष्ट सांगत बसला होता, तेव्हाही राहू दे. तीन वर्षं टकळी खुंटीला. तिने एवढ्या वर्षांत त्याच्याकडे तोंड उघडून एकच गोष्ट मागितली होती, आणि त्याने न ऐकताच येईल, येईल म्हणून टाकलं होतं. त्याला लाज वाटली. साध्यासुध्या माणसाला वाटते तशीच, कान तापतील अशी.

त्याने टोपी काढली. सेल्सोपुढे जाऊन उभा राहिला. बाटली नाही, मेंढ्या नाहीत, हवापाणी नाही.

"सेल्सो, घर फिरवायचं आहे. मी तुझ्याकडे मागतो."

हशा थांबला. सेल्सो म्हणाला, "एका दिवसात दोनदा मागायचं नसतं."

"ठाऊक आहे. अर्ध्या गावाला हे मीच शिकवलंय."

"सात खुंट उपटायचे, दुसऱ्या टोकाला पुरायचे. घर गोल फिरवायचं म्हणजे एका कोपऱ्यावर सगळा भार. भिंत गेली तर?"

"गेली तर गेली. ती तिकडे तोंड करून बसायला हवी. मी चुकलो, सेल्सो. बघता बघता सवयीने पुरले. शेहेचाळीस वर्षं एकाच बाजूला बघत होतो, दुसरी बाजू असते हे डोक्यातच आलं नाही."

मग तो पुढच्या जोडीवाल्याकडे गेला, त्याच्यापुढेही टोपी हातात घेऊन तेच बोलला. मग त्याच्या पुढच्याकडे. मागायचं तर प्रत्येकाकडे मागायचं, अशी पद्धत आहे. चौथ्या माणसापर्यंत पोचला तेव्हा त्याचा तो प्रसिद्ध गळा बसला होता आणि शब्द नीट फुटत नव्हते.

"पुरे झालं रे," सेल्सो मागून ओरडला. "आता रडवतोस काय सगळ्यांना! बैलांना पाणी दाखवा. हेर्मिनिया, ते कोकरू जरा विस्तवापासून लांब घ्या. पहारी कुणाकडे आहेत?"

पहारी सगळ्यांकडे निघाल्या. सात खुंट उपटले, सात खड्डे खणले, आणि त्यांतला एक एरास्मोने खणला. घरधन्याने हात लावायचा नसतो असं त्याला कुणी सांगितलं नाही. सेल्सोने डाव्या कोपऱ्याला साखळी बांधली, जोड्या आडव्या वळवल्या आणि आरोळी दिली. घर कण्हत, इंचाइंचाने फिरत गेलं. पूर्वेच्या भिंतीच्या चार फळ्या निखळल्या, एवढंच. ऊन अजून शिल्लक असताना ते खुंटांवर बसलं. दार रस्त्यावर उघडलं. कोकरू एका बाजूने करपलं होतं, ते सगळ्यांनी तक्रार न करता खाल्लं, आणि कुणीतरी अकॉर्डियन काढल्यावर ओतिलिया बसल्या जागी पाय हलवत राहिली.

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळी दोघं नव्या उंबऱ्यावर बसली होती. सातची बस गेली आणि तिच्या खिडक्यांतून तिघाचौघांनी हात केले. ओतिलियाने त्या सगळ्यांना उलट हात केले आणि कोण कुठे निघालंय ते एरास्मोला सांगितलं. मग तिने येर्बाच्या भांड्यात गरम पाणी ओतून ते त्याच्या हातात दिलं.

"एक विचारू?" ती म्हणाली.

"विचार."

"पहिल्याच वर्षी मी म्हटलं असतं, दार डोंगराकडे कर म्हणून, तर केलं असतंस?"

हो म्हणायला ती सकाळ फार सोयीची होती. एरास्मोने नळी तोंडातून काढली.

"नाही," तो म्हणाला. "हसलो असतो तुला."

"माहीत होतं मला," ओतिलिया म्हणाली. "म्हणून तर तू म्हातारा व्हायची वाट बघत बसले."